आठवीचा वर्ग पहिल्यांदाच हाती येतो तेव्हा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शिक्षक-खोलीत वर्गवाटपाचा कागद लागतो आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या नावापुढे बहुधा आठवीची एखादी तुकडी लिहिलेली असते. दहावी निकालाच्या धास्तीने जुन्या माणसांकडे जाते, पाचवी-सहावीच्या बाई आधीपासून ठरलेल्या असतात, आणि आठवी कोणी मागून घेत नाही. मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत अठरा वर्षे गणित शिकवते आहे. त्यांपैकी अकरा वर्षे आठवीची वर्गशिक्षिका होते. माझी स्वतःची मुलगी आता तेरा वर्षांची आहे, त्यामुळे शाळेत जे मला नीट जमते ते संध्याकाळी घरी रोज फसते, हेही सांगून ठेवते. पुढचे टप्पे नव्या वर्गशिक्षकासाठी लिहिले आहेत. पालकांच्या वाट्याचे त्यात ओघाने येईल.

सगळ्या टप्प्यांत एकच गोष्ट धरून ठेवायची आहे: या वयाच्या मुलाला चारचौघांत कोंडीत पकडायचे नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षक काय म्हणतील यापेक्षा शेजारच्या बाकावरचा मित्र काय म्हणेल याची धास्ती जास्त असते, म्हणून वर्गासमोर त्याला हरवायला गेलात तर तो जिंकण्यासाठी वाटेल ते करतो. तेच एकट्यात सांगितलेत तर बहुतेक वेळा मान खाली घालून ऐकतो. हे वाचायला सोपे आहे. मला ते कळायला दोन वर्षे लागली.

शाळा उघडण्यापूर्वी: कॅटलॉग आणि गाडीची वेळ

आमच्याकडे बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत असते आणि आठवीला मुले मोठ्या गावच्या हायस्कुलात येतात. म्हणजे तुम्ही जसे नवे असता तशी वर्गातली निम्मी मुलेही नवीच असतात. सात वर्षे पंधरा-वीस जणांच्या वर्गात जो ‘हुशार’ म्हणून ओळखला जात होता, तो इथे साठ जणांत अचानक कोणीच नसतो, आणि जूनमधला बराचसा गोंधळ हा स्वतःची जागा शोधण्याचा गोंधळ असतो.

म्हणून शाळा उघडण्यापूर्वी कॅटलॉगवरून, म्हणजे वर्गाच्या हजेरीपटावरून, एका साध्या वहीत चार रकाने आखून घ्यावेत: नाव, गाव, शाळेत कसा येतो, घरी कोण असते. शेवटचा रकाना पहिल्या दोन आठवड्यांत हळूहळू भरायचा असतो. ‘वडील काय करतात?’ असे वर्गात उभे करून विचारायचे नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळ्यापर्यंत आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहतात, आणि ही गोष्ट आधी ठाऊक नसली तर डिसेंबरात पालकांची सही मिळत नाही म्हणून तुम्ही उगाच मुलावर चिडता.

तिसऱ्या रकान्याचे महत्त्व मला एका मुलाने शिकवले. दर मंगळवारी तो पहिल्या तासाला उशिरा येई आणि मी त्याला दहा मिनिटे दाराबाहेर उभे करी. ऑगस्ट संपत आला तेव्हा शाळेच्या शिपाईमामांनी सहज सांगितले की मंगळवारी आमचा आठवडी बाजार असतो, सकाळची गाडी भरून येते आणि त्याच्या फाट्यावर थांबतच नाही. तो तीन किलोमीटर चालत येतो. दोन महिन्यांत त्याने हे कारण एकदाही सांगितले नव्हते, कारण विचारायचे तेव्हा मी सगळ्या वर्गादेखत विचारत होते.

पहिला आठवडा

तिसऱ्या दिवसापर्यंत नावे पाठ करावीत. याला पर्याय नाही. ‘ए, निळा शर्ट’ अशी हाक मारणाऱ्या शिक्षकाचे या वयाची मुले मनातून ऐकत नाहीत.

नियम तीनच सांगावेत आणि ते असे असावेत की मोडल्यावर तुम्हाला खरोखर काही करता येईल. माझे तीन ठरलेले आहेत: एक बोलत असताना दुसऱ्याने बोलायचे नाही, कोणाच्या शरीराला, जातीला किंवा घरच्या परिस्थितीला हसायचे नाही, आणि वही आणली नसेल तर तास सुरू होण्यापूर्वी येऊन सांगायचे. ‘दाखला हातात देईन’ असली धमकी चुकूनही देऊ नये. तुम्ही दाखला देऊ शकत नाही हे मागच्या बाकावर सगळ्यांना माहीत असते.

मॉनिटरला फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहायला लावण्याची जुनी पद्धत मी बंद केली, कारण त्यातून वर्ग शांत होत नाही, फक्त एक चहाडखोर तयार होतो. सर्वांत खोडकर मुलालाच मॉनिटर करावे असाही सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. माझे मत वेगळे आहे: त्याचे मित्र तुटतात, आणि मित्र परत मिळवण्यासाठी तो महिन्याभरात दुप्पट खोड्या करतो. त्यापेक्षा कामे वाटून द्यावीत. फळा पुसणे, पाण्याच्या टाकीकडे लक्ष ठेवणे, पोषण आहाराच्या वेळी रांग लावणे अशी कामे दर पंधरा दिवसांनी बदलावीत.

पहिला उद्धटपणा

जुलैत कधीतरी तो होतोच, आणि वर्ग त्याची वाटच पाहत असतो. एखादा मुलगा वही आणत नाही, तुम्ही का म्हणून विचारता, तो खिडकीबाहेर बघत ‘नाही आणली’ म्हणतो आणि मागून दोघे फिसकन हसतात. या क्षणी तुमच्या हातात एक वाक्य असते. “मधल्या सुट्टीत भेट,” एवढेच म्हणायचे आणि फळ्याकडे वळून शिकवायला लागायचे. आवाज चढवायचा नाही, दुसरे वाक्य जोडायचे नाही. वर्गाला तमाशा हवा असतो; तो मिळाला नाही की दोन मिनिटांत सगळे वहीत डोके घालतात.

मधल्या सुट्टीत मुलाला शिक्षक-खोलीत बोलावू नये, कारण तिथे बसलेला प्रत्येक जण आपले एक वाक्य त्याला ऐकवतो. व्हरांड्याच्या टोकाला, झाडाखाली, कुठेही चालते. त्याच्या समोर नव्हे, शेजारी उभे राहावे. नजरेला नजर भिडवायचा आग्रह धरू नये. आणि ‘का केलंस?’ हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर ‘माहीत नाही’ असे येते आणि ते बरेचदा खरे असते, कारण पुढचा-मागचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला साधारण पंचविशी उजाडते. ‘काय झालं’ असे विचारावे. त्याला उत्तर असते.

त्या वही न आणलेल्या मुलाशी माझे बोलणे झाले ते असे:

“वही कुठं आहे?”

“घरी.”

“घरी कुठं?”

तो थोडा थांबला. “चुलीपाशी. सुकायला ठेवलीय.”

रात्रीच्या पावसात त्यांच्या पत्र्याला गळती लागली होती आणि दप्तर भिजले होते. पत्रा गळतो हे वर्गाला कळण्यापेक्षा आपल्याला उद्धट म्हटलेले त्याला परवडले. मी त्याला माझ्या कपाटातली एक कोरी वही दिली, झालेली तीन उदाहरणे दुसऱ्या दिवशी उतरवून आणायला सांगितली आणि विषय तिथे संपवला. विषय संपवणे हा या टप्प्यातला सर्वांत अवघड भाग आहे. दुसऱ्या दिवशी ‘आज तरी आणलीस का?’ असा टोमणा मारलात तर आदल्या दिवशीचे सगळे पाण्यात जाते.

प्रत्येक उद्धटपणामागे गळका पत्रा नसतो, हेही खरे. काही मुले निव्वळ तुम्हाला जोखण्यासाठी बोलतात. त्यांनाही पद्धत हीच. फक्त शेवटी शिक्षा असते, आणि ती लहान, त्याच दिवशी पुरी होणारी आणि चुकीशी जुळणारी असावी. बाकावर कोरले असेल तर बाक घासून काढणे योग्य; महिनाभर पीटीचा तास बंद करणे नव्हे, कारण तुम्ही स्वतःच तिसऱ्या आठवड्यात ते विसरता आणि वर्गाला ते लक्षात राहते.

आता माझी चूक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मुलीच्या हातातली चिठ्ठी पकडली आणि ‘वाचूया का सगळ्यांना?’ म्हणून ती मोठ्याने वाचली. त्यात दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलाचे नाव होते, बाकी काही नव्हते. वर्ग हसला, मीही हसले. ती मुलगी पुढचे चार दिवस शाळेत आली नाही आणि पाचव्या दिवशी तिची आई येऊन ‘आता हिचं शिक्षण पुरे’ म्हणू लागली. आईला समजावायला मुख्याध्यापकांना दोन फेऱ्या माराव्या लागल्या. मुलगी परत आली, दहावीही झाली, पण त्या वर्षी तिने माझ्या तासाला एकदाही हात वर केला नाही. तेव्हापासून मी चिठ्ठी पकडली तर न उघडता खिशात टाकते आणि शाळा सुटताना जिची तिला परत देते. आणखी एक धडा त्यातच होता, तो मला उशिरा कळला: बोलणी एकट्यात द्यायची असतात, पण आपण सर्वांदेखत चुकलो असू तर माफी सर्वांदेखतच मागायची असते. एका वाक्यात मागावी. वर्ग त्याचा गैरफायदा घेत नाही.

शिकवताना

आठवीचे गणित परिमेय-अपरिमेय संख्यांपासून सुरू होते आणि निम्म्या वर्गाला अपूर्णांकांची बेरीजही नीट येत नसते. ‘हे पाचवीतच यायला हवं होतं’ हे वाक्य जिभेवर येते, ते गिळावे. पहिल्या पंधरवड्यात दहा उदाहरणांची एक चाचणी घ्यावी, तिला गुण देऊ नयेत, आणि कोण कुठे अडकतो ते आपल्या वहीत टिपून ठेवावे.

त्या चाचणीतली चुकीची उत्तरे मी नावे न सांगता फळ्यावर लिहिते आणि वर्गाला चूक शोधायला लावते. ‘−३ × −४ = −१२’ हे उत्तर दरवर्षी येते. नियम पुन्हा सांगून उपयोग होत नाही, म्हणून मी एकाखाली एक लिहीत जाते: −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०. प्रत्येक ओळीला उत्तर तीनने वाढते आहे हे मुलेच सांगतात, मग −३ × −१ किती, असे विचारले की मागच्या बाकावरून ‘तीन’ असा आवाज येतो. चूक कोणाची होती हे कोणालाच कळत नाही; ज्याची होती तो मुकाट्याने वहीत दुरुस्त करतो. इंग्रजीच्या शिक्षकांना हीच युक्ती वाक्यांसाठी वापरता येते.

पालकांशी पहिली गाठ

शाळेतून फोन आला म्हणजे पोराने काहीतरी केले, असा घरोघरी समज असतो आणि तो आपणच पक्का केलेला आहे. म्हणून पहिला फोन तक्रार नसताना करावा. जुलैत रोज दोन घरी, दोन मिनिटे, आणि मुलाबद्दल एक नेमकी गोष्ट: ‘हुशार आहे’ असे मोघम न बोलता ‘काल त्याने शेजारच्याला भागाकार समजावून दिला’ असे सांगावे. नंतर कधी तक्रार करायची वेळ आली तर पलीकडचा माणूस ती ऐकून घेतो.

पालकसभेत गुण मोठ्याने वाचू नयेत. माझ्यासमोर एका वडिलांनी घटक चाचणीचा पेपर पाहून मुलाच्या तिथेच कानाखाली दिली आहे, आणि त्यात थोडा वाटा पेपर तिथे हातात ठेवणाऱ्या माझाही होता. पालकांना एकेकटे बसवावे, अडचण एकच सांगावी आणि घरून एकच गोष्ट मागावी. चार गोष्टी मागितल्या की एकही होत नाही.

घरी काय करायचे, असे पालक विचारतातच. मी प्रथम झोपेबद्दल बोलते. तेरा वर्षांपुढच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते, आणि याच वयात झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरात उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर झोप न येणे आणि सकाळी न उठणे हा सगळाच आळस नसतो. पण हातात मोबाइल असला की साडेदहाची झोप साडेबारावर जाते. माझ्या घरचा नियम असा आहे की रात्री साडेनऊला घरातले सगळे मोबाइल बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी चार्जिंगला लागतात, माझा आणि नवऱ्याचाही. पहिला महिना सर्वांत जास्त कुरकूर मोठ्या माणसांचीच होती.

मुलाचा फोन चोरून तपासू नये. ‘मी अधूनमधून बघणार आहे’ असे आधी सांगून, त्याच्यासमोर बघावा. चोरून पाहिलेले एकदा उघडकीला आले की तो दुसरे खाते उघडतो आणि तुम्हाला काहीच कळेनासे होते. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्याच नियमांप्रमाणे तेरा वर्षांखालच्या मुलाला खाते उघडता येत नाही, हे पुष्कळ पालकांना माहीत नसते. शिक्षकांना वगळून मुलांनी केलेला वर्गाचा ग्रुप जवळपास प्रत्येक तुकडीचा असतो. त्यात शिरायचा प्रयत्न करू नये, पण कोणाचा फोटो बिघडवून टाकल्याचे कानावर आले तर ‘पोरखेळ’ म्हणून सोडूनही देऊ नये. चारचौघांतली नाचक्की तिथे रात्रभर चालू असते.

शिकवणीला वडिलांची गाडी घेऊन जाणाऱ्या मुलांच्या पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी: मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी आहे. उपदेशापेक्षा हा आकडा लवकर पोचतो.

शरीराबद्दल

या वर्गात एका बाकावर मिशी फुटलेला आणि अजून पाचवीतला वाटणारा असे दोघे शेजारी बसलेले असतात. मुलींमध्ये बदल साधारण आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात सुरू होतात, त्यामुळे दोघेही अगदी ठीक असतात. पण हे त्यांना कोणीतरी सांगावे लागते. आवाज फुटलेल्या मुलाला महिना-दोन महिने वर्गात मोठ्याने वाचायला उभे करू नये. शिक्षिकेने आपल्या कपाटात सॅनिटरी पॅडचे पाकीट ठेवावे आणि ते कुठे आहे हे मुलींना जूनमध्येच सांगावे. ‘बाई, कपाटाची चावी’ एवढे म्हटले की पुढे काही विचारायचे नाही. वर्गशिक्षक पुरुष असतील तर त्यांनी हे एखाद्या सहकारी बाईंकडे सोपवावे, विसरू मात्र नये.

आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुले बाहेर जाऊन फेकतात, कारण उपाशीपोटी तिने मळमळते. पोषण आहारानंतर दिली की तक्रारी बऱ्याच कमी होतात. वयात येण्याबद्दलचे प्रश्न तुमच्याही आवाक्याबाहेरचे असतील तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक चालते, तिथे पाठवता येते.

कायद्याच्या गोष्टी

इथे स्वतःचा अंदाज चालवायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे, दोन्हींना बंदी आहे. पालक स्वतः येऊन ‘चांगलं बदडा, आमची परवानगी आहे’ म्हणाले तरी बंदी उठत नाही.

एखाद्या मुलाने किंवा मुलीने लैंगिक छळाबद्दल काही सांगितले तर शांतपणे ऐकावे, उलटतपासणी घेऊ नये, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली ही माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी द्यावे. ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून थांबा असे कोणी म्हटले तर थांबू नये. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. एखादे मूल जिवाचे बरेवाईट करण्याबद्दल बोलले, हसत का बोलले असेना, तर त्याला एकटे सोडायचे नाही, घरच्यांना लगेच बोलवायचे आणि १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर बोलायचे. हे दोन्ही क्रमांक वर्गात दाराशेजारी लिहून ठेवावेत.

परीक्षा आणि एप्रिल

२०२३ साली राज्याने नियम बदलल्यापासून आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. जो होत नाही त्याला पुनर्परीक्षा असते, आणि तीतही नापास झाला तर तो त्याच वर्गात राहतो. ‘आठवीपर्यंत कोणी नापास करत नाही’ अशा समजुतीत असलेल्या घरांना हे दिवाळीपूर्वीच सांगावे. शासकीय व अनुदानित शाळेतल्या गरजू मुलांना एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला जरूर बसवावे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. अर्जासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला मिळवण्यात पालकांचे दिवस जातात, म्हणून ते काम ऑगस्टमध्येच मार्गी लावावे.

निकाल लागल्यावर चार रकान्यांची ती वही नववीच्या वर्गशिक्षकांना जशीच्या तशी देऊ नका. त्यातली गावे, गाडीच्या वेळा, ऊसतोडीची घरे आणि कोणाला फळ्यावरचे दिसत नाही एवढे वेगळ्या कागदावर उतरवून द्या. कोण उद्धट बोलला, कोणाची चिठ्ठी सापडली, कोण कोणाशी भांडला, ती पाने फाडून टाका.